सरकारला दिसलास की बसेन

माझ्या नवऱ्याने विमान बांधलंय असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग त्यांना वाटतं, रिमोटवर उडणारं खेळण्यातलं असेल. मग मी फोनवरचा फोटो दाखवते. दोन सीटचं, ॲल्युमिनियमचं, खरोखरीचं विमान. चँडलरमधल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये ते दहाएक वर्षं बांधलं जात होतं आणि तेवढी वर्षं माझी गाडी ॲरिझोनाच्या उन्हात भाजत होती. फोटो बघून झाला की लोक हमखास विचारतात, "मग तुम्ही बसलात की नाही?" तिथे मी विषय बदलायची.

मी बसले नव्हते. विमान पूर्ण झाल्याला बारा-तेरा वर्षं झाली, विवेक त्यातून सेडोनाला जाऊन आला, मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाऊन आला, आणि माझं पाऊल त्याच्या पंखालाही लागलं नव्हतं. मी भित्री आहे असं कोणी समजू नये. मी भूलतज्ज्ञ होते. उभा जन्म मॉनिटरकडे बघण्यात गेला. सर्जनचं लक्ष पोटात नाहीतर गुडघ्यात असतं. पेशंट या जगात किती आणि पलीकडे किती, हे बघणं माझं काम. त्यामुळे एक खोड लागली ती लागलीच. ज्याचा आकडा मला समोर दिसत नाही, त्या माणसाची मला धास्ती वाटते.

आणि विवेक एकदा उडाला की त्याचा कसलाही आकडा माझ्याकडे नसायचा. पोहे खाऊन, थर्मास भरून सकाळी निघायचा तो एकदम दुपारी परत. मधल्या वेळात मी घरी देव पाण्यात घालून बसायची. त्याला हे सांगितलं की तो हसायचा. "कांचन, विमानात देव चालत नाही, फिजिक्स चालतं."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. पहिल्या दसऱ्याला मी म्हटलं, गाडीची करतो तशी विमानाची पूजा करू. तर म्हणाला, झेंडूच्या पाकळ्या इंजिनात जातील. बरं, नुसतं कुंकू लावते. तर म्हणाला, पेंट खराब होईल. चिप बनवणाऱ्या कंपनीत तीस वर्षं काढलेला माणूस. धुळीचा कण दिसला तरी त्याला घाम फुटायचा, तिथे माझं कुंकू काय टिकणार?

देवाधर्माच्या बाबतीत हा माणूस किती निष्काळजी, याचा माझ्याकडे पक्का पुरावा होता. मी अमेरिकेला निघाले तेव्हा माझ्या वडिलांनी पुण्याच्या तांबट आळीतून एक तांब्याचा पत्रा करून आणला होता. तळहातापेक्षा थोडा मोठा, गोल, सपाट, आणि त्यावर ठोकून ठोकून काढलेला सूर्य, नाक-डोळे-मिशांसकट. "तिकडे ढगाळ असेल तर याला नमस्कार कर," असं ते म्हणाले होते. त्यांना कोणीतरी सांगितलं असणार की अमेरिकेत ऊन नसतं. आणि मी येऊन पडले ॲरिझोनात! दर रथसप्तमीला मी त्याची पूजा करायची. एक दिवस देवघरात बघते तर सूर्य गायब. घर उलटंपालटं केलं. शेवटी विवेकच म्हणाला, "आपण डोनेशनचे बॉक्स भरले ना, त्यात माझ्याकडून गेला असेल. सॉरी." विमानाच्या धांदलीत याने माझा देव जुन्या पॅन्टींबरोबर दान करून टाकला! तेव्हापासून दर रथसप्तमीला मी त्याला त्याबद्दल ऐकवत आले आणि तो दरवर्षी मूग गिळून बसत आला. निदान लाज तरी आहे, असं मला वाटायचं.

असो. तर हे सरकारचं प्रकरण.

काही वर्षांपूर्वी इथे नियम आला की मोठ्या विमानतळाच्या आसपास उडायचं असेल, तर प्रत्येक विमानाने आपण नेमके कुठे आहोत हे सतत सांगत राहिलं पाहिजे. विमानातलं यंत्र दर सेकंदाला आपला ठावठिकाणा रेडिओवरून ओरडून सांगतं. खालच्यांनाही कळतं, आजूबाजूच्या विमानांनाही कळतं. आणि हा ठावठिकाणा साध्यासुध्या जीपीएसचा चालत नाही. आपण सांगतोय त्याची खात्री किती, हेही जो रिसीव्हर सांगू शकतो तोच लागतो. फिनिक्सच्या विमानतळाभोवती या नियमाचं एक मोठं वर्तुळ आहे आणि आमचं चँडलर त्याच्या पोटात येतं. विवेकचा रिसीव्हर जुना, त्याला वाट कळायची पण खात्री देता यायची नाही.

सरळ मार्ग म्हणजे नवा रिसीव्हर बसवणं. पण विवेक पडला बाणेदार. "मी कुठे आहे हे सरकारला कशाला सांगू? मी काय चोर आहे?" असं म्हणून त्याने विमान उचललं आणि वर्तुळाच्या बाहेर, दक्षिणेला कापसाच्या शेतांजवळच्या एका लहानशा धावपट्टीवर नेऊन ठेवलं. रुसून माहेरी धाडावं तसं. तेव्हापासून विमानापर्यंत जायलाच तासभर ड्राइव्ह. चँडलरच्या विमानतळावर मित्रांबरोबर कॉफी बंद, संध्याकाळची चक्कर बंद. तोटा कोणाचा झाला ते सांगायला नको, पण स्वाभिमान शाबूत राहिला.

मला मात्र तो नियम ऐकल्याबरोबर आवडला होता. लग्न झाल्यापासून मी या माणसाला एकच प्रश्न विचारत आले, "कुठे आहेस?" आता वॉशिंग्टनलाही तोच प्रश्न पडला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरकार माझ्या बाजूने बोलत होतं.

मग गेल्या मार्चमध्ये ती दुपार आली. सकाळी आकाश निरभ्र होतं. जेवायच्या सुमाराला वारा सुटला आणि दक्षिणेकडून पिवळी धूळ चढायला लागली. विवेकचा फोन लागेना. त्याचा मित्र श्रीरंग, त्याचं स्वतःचं विमान चँडलरलाच असतं, त्याला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, डोन्ट वरी, तो उतरला असेल कुठेतरी." कुठेतरी! मी ओट्याशी उभी राहून खिडकीतून बाहेर बघत होते आणि रस्त्यापलीकडचं घरसुद्धा दिसत नव्हतं. मी कितीतरी लोकांना झोपवून परत जागं केलंय, पण त्या दिवशी माझे हात थंड पडले. पेशंट टेबलावर आहे, आणि मॉनिटरची वायरच कोणीतरी काढून नेली आहे.

दिवेलागणीला गॅरेजचं दार वाजलं. हा आत आला, नाक भाजून लाल झालेलं, हातात बरिटोची पिशवी. धूळ दिसल्याबरोबर शहाण्यासारखा एका ओसाड पट्टीवर उतरला होता, तिथे रेंज नव्हती, वारा पडल्यावर निघाला. "बघ, सगळं कसं बाय द बुक केलं मी!" असं वर म्हणाला.

मी बरिटो घेतला आणि सिंकमध्ये टाकला. मग रडले. मग जे बोलायचं ते बोलले. "विवेक, तू उडू नकोस असं मी कधी म्हटलं नाही. पण तू कुठे आहेस हे मला दिसलं पाहिजे. तो रिसीव्हर बसव. नाहीतर मी लेकीकडे, अनयाकडे ॲन आर्बरला जाऊन राहते, तिथल्या बर्फात."

तो सिंकमधल्या बरिटोकडे बघत राहिला. मग टॉवेलने नाक पुसत म्हणाला, "बसवला, तर तू माझ्याबरोबर बसशील?"

असं पेचात पकडलं त्याने मला. मला वाटलं नव्हतं तो हे विचारेल. त्याने आजवर आग्रह असा कधी केलाच नव्हता. शेजारची सीट मात्र त्याने बांधतानाच माझ्या उंचीची केली होती, श्रीरंगचे गुडघे तिथे पॅनेलला आपटतात. त्याला तेव्हा सत्तरी ओलांडून दोन वर्षं झाली होती, दरवर्षी डॉक्टरकडे डोळे आणि हृदय दाखवताना तो आदल्या दिवसापासून गप्प व्हायचा. उडण्याची किती वर्षं उरली, हा हिशेब तो करत होता आणि मीही करत होते.

"सरकारने लिहून दिलं की तू त्यांना नीट दिसतोस," मी म्हटलं, "की बसेन."

कारण तशी सोय आहे. एकदा उडून आलं की सरकारच्या वेबसाइटवर विमानाचा नंबर टाकायचा, थोड्या वेळात ईमेलवर रिपोर्ट येतो. सगळं ठीक असेल तर साधा, चुकलं असेल तर लाल रकाने. लाल आणि बिनलाल, एवढं मला कळण्यासारखं होतं.

नवा रिसीव्हर आला त्या दिवशी विवेकने तो डायनिंग टेबलावर ठेवून असा उघडला, जसं काही नवसाचं पोर. एप्रिलभर तो आणि श्रीरंग त्या माहेरघरच्या हँगरमध्ये, विमानाच्या शेडमध्ये, उताणे पडून वायरी ओढत होते. जुन्या रिसीव्हरची अँटेना सीटच्या मागे होती. नवी पुढे बसवायची ठरली, समोरच्या डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला. वर उघड्यावर ठेवली असती तर आमच्या उन्हात तिची भाकरी झाली असती. डॅशची ती पट्टी फायबरग्लासची, तिच्यातून उपग्रहांचा सिग्नल आरपार येतो, असं विवेकने मला टोमॅटो चिरता चिरता समजावलं. अँटेनाच्या वर कुठे लोखंड-ॲल्युमिनियम येत नाही ना, हे त्याने पट्टी लावून मोजलं होतं. त्याचं काम म्हणजे काम.

मग पहिली चाचणी. मी घरी फोन घेऊन बसले. अनयाने मला एक ॲप टाकून दिलं होतं, त्यात आकाशातली सगळी विमानं चिमुकल्या निशाण्या होऊन सरकताना दिसतात. आणि एकदम विवेक दिसला! नकाशावर, शेतांच्या वर, त्याच्या विमानाचा नंबर, उंची, वेग. आकडे! मी खुर्चीतून उठून उभी राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझा पेशंट दिसत होता. मी मोठ्याने म्हटलं, "अरे, जरा हळू चालव."

मग तो वळला आणि निशाणी थिजली. जागच्या जागी. मी स्क्रीनवर बोट आपटलं, घासलं. बऱ्याच वेळाने निशाणी उडी मारून भलतीकडेच उगवली. पुन्हा वळण, पुन्हा तेच. तो सुखरूप उतरला, पण मी संध्याकाळपर्यंत फोन हातातून खाली ठेवला नाही. रिपोर्ट आला. लाल.

"सेटिंगचा प्रॉब्लेम असेल," श्रीरंग म्हणाला. सेटिंग बदलली. पुन्हा उडाला. लाल. केबल बदलली. लाल. अँटेनाच खराब निघाली असेल म्हणून कंपनीकडून दुसरी मागवली. ती येईपर्यंत मे उजाडला, हँगरमध्ये पाय ठेववेना इतकं तापायला लागलं. दुसरी अँटेना बसवली. सरळ जाताना बरं, वळलं की खात्री गेली. लाल ते लालच. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी विवेक अंगणातल्या खुर्चीत बसला होता. मी चहा नेऊन दिला. त्याने कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"टूसॉनचा एक डेंटिस्ट विचारत होता विमानाबद्दल," तो म्हणाला. "वर्तुळाच्या बाहेरच उडवणार आहे तो. त्याला रविवारी बघायला ये म्हटलंय."

"म्हणजे विकणार?"

"कांचन, मला आता चूक सापडत नाही. पूर्वी सापडायची." तो कपात बघत होता. "अख्ख्या चिपच्या कारखान्यात कुठे काय बिघडलं ते मी वासावरून सांगायचो. आता एक अँटेना मला समजत नाही. ज्याला स्वतःच्या विमानातली चूक सापडत नाही, त्याने ते उडवू नये. आणि तुला तर बसवूच नये."

मला काय वाटलं ते खरं सांगते. सुटका वाटायला हवी होती. हीच सुटका मी बारा-तेरा वर्षं देवाकडे मागितली होती. पण विवेकचा तो पडलेला आवाज ऐकून मला सुटकाबिटका काही वाटली नाही. मी आत जाऊन अनयाला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, डॅड इज नॉट सेलिंग अ प्लेन. ही इज गिव्हिंग अप. देअर्स अ डिफरन्स."

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं. पण फोन ठेवल्यावर तेच डोक्यात घोळत राहिलं.

शनिवारी विवेक आणि श्रीरंग डेंटिस्टसाठी विमान पुसून ठेवायला निघाले. मी म्हटलं, मीही येते. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू ओट्यावरचा मिक्सर उठून चालायला लागला.

हँगरमध्ये पत्र्याची ऊब आणि पेट्रोलचा वास. विमान मधोमध उभं होतं. विमानाने गॅरेज सोडल्यानंतर मी ते एवढ्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. विवेकने वरचं काचेचं झाकण सरकवून दिलं. मी पंखावर चढून आत डोकावले. दोन लहान सीट, पुढे घड्याळं, स्क्रीन, आणि त्यांच्यावर काळ्या कापडाने मढवलेला डॅश.

मी हा डॅश विवेकच्या उड्डाणांच्या व्हिडिओत पुष्कळदा पाहिला होता. विवेक उडायच्या आधी त्यावर एक हात फिरवायचा. धूळ पुसतो असं मला वाटायचं, आणि दर वेळी आश्चर्यही वाटायचं, कारण घरातल्या टेबलावरची धूळ पुसताना मी त्याला कधी पाहिलेलं नाही.

"अँटेना कुठे आहे?" मी विचारलं.

"याच्या बरोब्बर खाली," श्रीरंगने डॅशच्या मध्यावर बोट ठेवलं. "वहिनी, वी हॅव ट्राइड एव्हरीथिंग. रिसीव्हर ओके, केबल ओके, अँटेना दोनदा ओके."

मला हसूच आलं. हे वाक्य मी जन्मभर ऐकलं होतं. पेशंटच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावतात. आकडा मधेच पडायला लागला की नवशिके डॉक्टर घाबरतात, मशीन बदलतात, वायर बदलतात, दुसरं मशीन आणायला धावतात. आणि पेशंट असते लग्नघरातून आलेली बाई, नखांवर गडद नेलपॉलिश. ते पुसलं की आकडा ठीक.

"मशीन राहू द्या," मी म्हटलं. "वर काय आहे?"

"वर काही नाही," विवेक म्हणाला. "फायबरग्लास आणि कापड."

"मग कापड काढ."

"कापडाने सिग्नल अडत नाही, कांचन."

"नाही ना अडत? मग काढायला काय हरकत आहे?"

"अगं, ते चिकटवलेलंय. उद्या माणूस बघायला येणार..." तो पुढे काहीतरी म्हणणार होता आणि मधेच थांबला. तोंड उघडंच राहिलं. मी चाळीसहून अधिक वर्षं हा चेहरा बघतेय, पण असा कधी पाहिला नव्हता. त्याने डॅशकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"काय झालं?" श्रीरंग म्हणाला.

 विवेकने आत वाकून कापडाची कड धरली आणि ओढली. चर्रकन आवाज झाला. कापड सुटून आलं आणि खाली, बरोब्बर मध्यावर, गोंदाने पक्का बसवलेला, माझ्या वडिलांचा तांब्याचा सूर्य माझ्याकडे बघत होता. नाक-डोळे-मिशांसकट.

श्रीरंग वाकला, त्याने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! अरे येड्या, अँटेनाच्या डोक्यावर तांब्याचं ताट ठेवून तू उपग्रह शोधत होतास?"

 मला आधी राग आला. डोनेशनचा बॉक्स! दर रथसप्तमीला मी याला बोल लावले आणि हा मान खाली घालून ऐकत राहिला, सूर्य इथे बसवून. श्रीरंगला काहीतरी कळलं असावं. "मी बर्फ घेऊन येतो," असं म्हणून तो गाडीकडे गेला.

"विमानात देव चालत नाही ना रे?" मी म्हटलं.

"नाही चालत," विवेक म्हणाला. तो सूर्याकडे बघत होता. "पहिलं उड्डाण होतं. घरी बांधलेलं विमान पहिल्यांदा उडतं तेव्हा काय काय होऊ शकतं ते तुला सांगितलं नव्हतं मी. तू हॉस्पिटलला निघून गेली होतीस. बघायला नको म्हणून तू मुद्दाम ड्यूटी घेतली होतीस, मला माहीत होतं. मग वाटलं, तुझं काहीतरी बरोबर असावं. तू तर येणार नव्हतीस. देवघरात हा दिसला. म्हटलं, याला निदान उडायची सवय आहे."

"मग सांगायचं होतंस!"

"काय सांगू? जन्मभर फिजिक्स फिजिक्स करत आलो." तो ओशाळून हसला. "नंतर काढवेना. दर वेळी नीट उतरत गेलो."

"आणि अँटेना बसवताना? तू तर वरचं सगळं मेटल मोजलं होतंस."

 तो हळूच म्हणाला, "सगळं मोजलं, कांचन. स्क्रूसुद्धा मोजले. हा मोजायचा राहिला. हा इथे आहे हे मी विसरलो नव्हतो, रोज हात लावत होतो. पण हा मेटल आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

तेव्हा मला कळलं की तो धूळ पुसत नव्हता.

माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक. मी पंखावरून खाली उतरले, त्याच्या घामेजलेल्या शर्टात तोंड लपवलं आणि रडले. त्या मार्चपासूनचं रडणं माझ्यात साठलेलं होतं, ते सगळं तिथे गेलं. तो माझ्या पाठीवर थोपटत होता आणि म्हणत होता, "सॉरी, अगं सॉरी, त्या रथसप्तम्यांचं मी सगळं ऐकून घेतलं ना?" श्रीरंग बर्फाची पिशवी घेऊन दारात आला, आमच्याकडे बघून परत फिरला आणि बराच वेळ गाडीपाशी शीळ घालत राहिला.

सूर्य काढायला गरम हवेचं मशीन आणि प्लास्टिकची पट्टी लागली. विवेकने तो इतक्या सावकाश सोडवला की मला माझ्या ऑपरेशन थिएटरची आठवण झाली. पाठीमागे गोंदाचा काळा थर होता, तो मी घरी येऊन चिंच आणि मिठाने घासला. तांबं लखलखलं. डेंटिस्टला श्रीरंगने फोन केला. काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण तो रविवारी आला नाही.

रविवारी सकाळी ऊन तापायच्या आत विवेक उडाला. मी या वेळी घरी बसले नाही, धावपट्टीच्या कडेला हँगरच्या सावलीत फोन घेऊन उभी राहिले. निशाणी उठली. सरळ गेली. मग वळली, आणि मी श्वास धरला. निशाणी वळतच राहिली, गोल, गुळगुळीत, जशी पोळी लाटताना फिरते. दुसरं वळण. तिसरं. एकदाही थिजली नाही. तिकडे ॲन आर्बरला अनयाही बघत होती, तिचा मेसेज आला, "ही लुक्स सो हॅपी." नकाशावरच्या टिकलीवरून तिला बापाचा आनंद दिसत होता. मलाही दिसत होता.

रिपोर्टचा ईमेल आला तेव्हा आम्ही तिघे हँगरमध्ये कलिंगड खात होतो. विवेकने फोन माझ्या हातात दिला. "तूच बघ."

मी चष्मा पुसला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवलं. कुठेही लाल नव्हतं.

"वहिनी," श्रीरंग म्हणाला, "आता पळता येणार नाही तुम्हाला."

"पळतंय कोण?" मी म्हटलं. पण रिपोर्ट मी पुन्हा एकदा पहिल्या ओळीपासून बघितला.

पुढच्या शनिवारी विमान परत चँडलरला न्यायचं ठरलं. माहेरपण संपलं. त्याच्या शेजारच्या सीटवर मी बसले, माझ्या उंचीच्या सीटवर, गुडघे कुठेही आपटले नाहीत. त्याने माझा पट्टा ओढून बघितला, मग पुन्हा बघितला. हेडफोन माझ्या केसांवर नीट बसवला. सूर्य मी पर्समधून आणला होता, सुती रुमालात गुंडाळून. तो मी मांडीवर ठेवला. विवेकने पाहिलं. मांडी अँटेनाच्या पुष्कळ खाली आहे, हे त्याने मनात मोजलंच असणार.

इंजिन सुरू झालं. माझ्या दातांपासून टाचांपर्यंत सगळं थरथरायला लागलं. विवेक एकेक गोष्ट तपासत होता, बोट लावून, तोंडाने पुटपुटत. मला एकदम वाटलं की अरे, हा तर मीच आहे, सकाळी साडेसातला, टेबलाच्या डोक्याशी. इतकी वर्षं मला वाटत होतं की हा माणूस वर जाऊन उनाडतो.

पट्टीच्या टोकाशी येऊन तो थांबला. समोर काळा डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना कापसाची हिरवी रोपं. त्याचा उजवा हात सवयीने उचलला गेला आणि डॅशवर आला, मधोमध. तिथे आता नवं कापड होतं आणि खाली काहीच नव्हतं. हात तिथेच थांबला. बोटं जरा शोधल्यासारखी हलली आणि मग तशीच राहिली.

मी रुमाल उघडला.

"इकडे आहे," मी म्हटलं आणि सूर्य त्याच्या हाताखाली धरला.

त्याने त्यावर हात फिरवला. मग तोच हात माझ्या हातावर क्षणभर ठेवला, आणि दांडा पुढे सरकवून इंजिनाचा आवाज वाढवला.

आम्ही कुठे आहोत, ते सगळ्यांना दिसत होतं.